कीड न लागणारं झाड

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड किंवा उत्तर व्हर्जिनियात तुम्ही नवीन घर घेतलं असेल, तर पहिला हिवाळा सरला की अंगणाचा प्रश्न समोर येतो. बिल्डरने लावून दिलेली दोन-चार झुडपं, समोर लॉन आणि बाकी सगळं उघडंबोडकं. मग मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी तुम्ही नर्सरीत जाता. प्रत्येक रोपाला एक चिठ्ठी अडकवलेली असते. तिच्यावर फुलाचा फोटो, वाढून किती उंच होईल, ऊन किती लागेल ही माहिती असते, आणि खाली बऱ्याचदा एक शिफारस असते: कीड लागत नाही, फारशी निगा लागत नाही. ती वाचून आपण खूश होतो आणि रोप गाडीत घालतो.

या लेखात मला त्या शिफारशीबद्दलच बोलायचं आहे. झाडाला कुठलीच कीड लागत नाही याचा अर्थ नेमका काय होतो? आणि आपण लावलेलं झाड आपल्या कुंपणाच्या आत राहतं का? (टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या वाचकांना झाडांची नावं बदलून घ्यावी लागतील. विचार करायची पद्धत तीच राहील.)

आधी थंडीचा मुद्दा निकालात काढू. अमेरिकेच्या कृषी खात्याने वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीचं सरासरी तापमान धरून देशाचे १३ विभाग पाडले आहेत. त्यांना झोन म्हणतात. झोन ७ म्हणजे सगळ्यात थंड रात्री साधारण उणे १८ ते उणे १२ अंश सेल्सिअस. मध्य न्यू जर्सी याच झोनमध्ये येतं. २०२३ साली हा नकाशा नव्याने काढला, तेव्हा जवळजवळ निम्मा देश अर्धा झोन उबदार बाजूला सरकला होता. आपला पिनकोड, म्हणजे इथला झिपकोड, टाकून झोन पाहायला एक मिनिट लागतं. झोन न जुळणारं झाड पहिल्याच जानेवारीत मरतं, त्यामुळे ही चूक निदान लवकर कळते. झोन व्यवस्थित जुळणाऱ्या झाडाची चूक मात्र कळायला कधीकधी चाळीस वर्षं लागतात.

त्याचं उदाहरण तुम्ही दर वर्षी बघता. मार्चच्या शेवटी, एप्रिलच्या सुरुवातीला हायवेच्या दुतर्फा पांढऱ्या फुलांनी डवरलेली झाडं दिसतात. बाकी रान अजून करडंच असतं, त्यामुळे ती फारच उठून दिसतात. ती बहुतेक कॅलेरी पेअरची असतात. ती तिथे कुणी लावलेली नाहीत.

या झाडाची गोष्ट सुरू होते ती फळबागांपासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नासपतीच्या बागा फायर ब्लाइट नावाच्या जिवाणूजन्य रोगाने होरपळत होत्या. चीनमधल्या पायरस कॅलेरियाना या रानटी नासपतीला हा रोग फारसा होत नाही. तेव्हा तिच्या बियांची रोपं करून त्यांच्यावर खाण्याच्या नासपतीची कलमं बांधावीत, असा बेत ठरला. कृषी खात्यासाठी चीनमध्ये हिंडून बिया गोळा करणाऱ्यांमध्ये फ्रँक मेयर हा वनस्पती-संग्राहक होता. मेयर लेमन म्हणून जे लिंबू तुम्ही दुकानातून आणता, ते त्याच्याच नावाचं. मेयर १९१८ साली चीनमध्येच, यांगत्से नदीत बुडून मरण पावला.

मेरीलँडमधल्या ग्लेन डेल इथल्या सरकारी केंद्रात त्या काळी चीनहून आलेल्या बियांपासून वाढवलेलं एक झाड होतं. त्याला काटे नव्हते, आकार रेखीव होता, वसंतात ते पांढरंशुभ्र व्हायचं आणि शरदात लालबुंद. कीड नाही, रोग नाही, माती कसलीही चालते. पन्नाशीच्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांना वाटलं, नव्या वसाहतींच्या रस्त्यांवर लावायला यासारखं झाड नाही. केंद्राचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड यांचं नाव देऊन १९६३ साली ते बाजारात आणलं गेलं. पुढच्या तीस वर्षांत उपनगरांतल्या असंख्य अंगणांत आणि दुकानांच्या पार्किंगमध्ये ब्रॅडफर्ड पेअर उभं राहिलं.

शास्त्रज्ञांनी निष्काळजीपणा केला असं म्हणता येणार नाही. ब्रॅडफर्डला फळं धरत नव्हती, हे त्यांनी पाहिलेलं होतं. फळ नाही म्हणजे बी नाही आणि प्रसार नाही. मग घोटाळा कुठे झाला?

इथे कोकणातला हापूस डोळ्यासमोर आणा. हापूसची कोय लावून हापूस मिळेलच असं नाही, म्हणून आपण रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतो. त्यामुळे हापूसची सगळी कलमं आनुवंशिकदृष्ट्या एकाच झाडाच्या प्रती असतात. ब्रॅडफर्डचंही तसंच. लाखो झाडं, पण मुळात झाड एकच. आता नासपतीच्या कुळात सगोत्र विवाह वर्ज्य आहे. परागकण कुक्षीवर पडला की त्याच्यातून परागनलिका निघते आणि कुक्षीवृंतातून अंडाशयाकडे वाढू लागते. कुक्षीवृंतात आरएनए तोडणारी विकरं असतात. परागकणाचं एक ठरावीक जनुक मादीच्या जनुकाशी जुळलं, तर ही विकरं परागनलिकेची वाढ मधेच थांबवतात. ब्रॅडफर्डचे पराग ब्रॅडफर्डवर पडले तर फळ धरत नाही ते यामुळे. गल्लीत सगळीच ब्रॅडफर्ड असतील तर सगळी भावंडंसुद्धा नव्हेत, ती एकच व्यक्ती.

पण ब्रॅडफर्डमध्ये एक दोष होता. त्याच्या फांद्या खोडाच्या एकाच टप्प्यावरून, अगदी अरुंद कोन करून फुटतात. सांध्यात साल अडकून राहते आणि लाकूड नीट जोडलं जात नाही. पंधरा-वीस वर्षांचं झाड वाऱ्याने किंवा बर्फाच्या वजनाने उभं चिरतं. लोकांच्या तक्रारी वाढल्या म्हणून नर्सरीवाल्यांनी अधिक मजबूत वाण काढले: अॅरिस्टोक्रॅट, रेडस्पायर, क्लीव्हलँड सिलेक्ट. प्रत्येक वाण एकटा असेल तर निर्बीज. पण त्यांचं गोत्र वेगळं. शेजारच्या अंगणात क्लीव्हलँड आणि तुमच्या अंगणात ब्रॅडफर्ड आलं, मधमाश्या आणि माश्या दोन्हीकडे फिरल्या आणि फळं धरली. शिवाय कलमाचा खुंट कॅलेरीच्याच बियांचा, म्हणजे प्रत्येक झाडाखाली एक वेगळं झाड आधीच पुरलेलं होतं. खुंटाला फुटवे येऊन ते फुलले की घरच्या घरीच परागण. एका दोषावर केलेल्या उपायातून दुसरा, कितीतरी मोठा दोष तयार झाला.

ही फळं सेंटीमीटरभराची, कडक आणि तपकिरी असतात. थंडीने मऊ पडली की स्टार्लिंग ती आवडीने खातात (हा पक्षीदेखील युरोपातून आणून न्यूयॉर्कमध्ये सोडलेला!) आणि बिया दूरवर टाकतात. त्यातून येणारी पिढी आपल्या रानटी आज्यावर जाते. तिच्या काट्यांनी ट्रॅक्टरचं टायर फुटतं. ही झाडं इथल्या झाडांच्या आधी पालवतात, पानं उशिरा गाळतात, आणि खाली दुसऱ्या कशाला ऊन मिळू देत नाहीत. फुलांना सडक्या मासळीचा वास येतो तो वेगळाच. कॅलेरी पेअर विकायला ओहायोने जानेवारी २०२३ पासून, पेनसिल्व्हेनियाने फेब्रुवारी २०२४ पासून आणि साउथ कॅरोलिनाने ऑक्टोबर २०२४ पासून बंदी घातली आहे. तुमच्या अंगणात आधीपासून असलेलं झाड तोडायची सक्ती या कायद्यांत नाही, पण काही राज्यांत झाड तोडल्याचा फोटो दाखवला की बदल्यात इथल्या जातीचं रोप फुकट देण्याचे उपक्रम चालतात. आपल्या भागात असा उपक्रम आहे का, याची चौकशी जरूर करा.

आपल्याकडे हेच घाणेरीने केलं. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं हे झुडूप इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून भारतात आणलं. आज सह्याद्रीत कुठल्याही वाटेला लागा, घाणेरी आहेच. बागेतून रानात जायला झाडाला पाय लागत नाहीत, एक पक्षी पुरतो.

आता दुसरा प्रश्न, किडीचा. पानं खाणाऱ्या बहुतेक किड्यांना कुठलंही पान चालत नाही. प्रत्येक वनस्पती पानांत काही ना काही विषारी किंवा पचायला जड रसायनं भरून ठेवते. एखाद्या किड्याच्या वंशाला त्यातल्या एका रसायनाची तोड सापडायला लाखो वर्षं जातात आणि ती तोड सहसा त्याच कुळातल्या वनस्पतींपुरती चालते. रुईच्या पानावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी तुम्ही लहानपणी पाहिली असेल. ती प्लेन टायगर फुलपाखराची अळी. रुईचा चीक इतर प्राण्यांच्या हृदयावर परिणाम करतो, हिला मात्र तो पचतो, आणि त्यामुळे तिला खायला पक्षी कचरतात. इथलं मोनार्क फुलपाखरू त्याच डॅनॉस प्रजातीतलं. त्याची अळी ज्या मिल्कवीडवर वाढते, ते मिल्कवीडही रुईच्याच कुळातलं. समुद्रापलीकडे तोच संसार मांडलेला आहे, फक्त भांडीकुंडी वेगळी.

म्हणून चीनमधून आलेल्या झाडाला इथे कीड लागत नाही, यात झाडाचा मोठेपणा काही नाही. त्याचं कुलूप उघडणारे किडे चीनमध्ये राहिले. डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी कुठल्या झाडावर किती जातींचे सुरवंट वाढतात याच्या नोंदी एकत्र केल्या. मध्य-अटलांटिक भागात ओकच्या निरनिराळ्या जातींवर मिळून पाचशेहून अधिक जाती आढळतात. चीनमधून आलेल्या गिंकोवर बोटांवर मोजण्याइतक्या.

पाचशे जातींचे सुरवंट आपल्या अंगणात कुणाला हवेत, असं तुम्ही म्हणाल. ते चिकडी नावाच्या पक्ष्याला हवेत. दहा-अकरा ग्रॅमचा हा जीव, म्हणजे आपल्या चिमणीच्या निम्म्याहूनही कमी. थंडीत तो तुम्ही टांगलेल्या फीडरवर दाणे खातो, पण पिल्लांना दाणे पचत नाहीत. एका घरट्यातली पिल्लं उडेपर्यंत, म्हणजे साधारण सोळा दिवसांत, आई-बाप मिळून सहा ते नऊ हजार सुरवंट आणतात. तेही घरट्याच्या आसपासच्या झाडांवरूनच. लांब जायला वेळ नसतो. म्हणून सुरवंट असूनही झाड ओकंबोकं दिसत नाही. ते मोठे व्हायच्या आत उचलले जातात.

वॉशिंग्टन डीसीच्या परिसरातल्या घरगुती बागांमध्ये डेझिरे नारँगो, टॅलमी आणि पीटर मारा यांनी या पक्ष्यांचा काही वर्षं माग ठेवला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा: बागेतल्या एकूण झाडोऱ्यात इथल्या मूळच्या जातींचा वाटा ७० टक्क्यांहून कमी असेल, तर चिकडीची संख्या तिथे टिकून राहू शकत नाही. हा वाटा झाडांच्या संख्येवर नसून जैवभारावर मोजलेला आहे, म्हणजे एक मोठा ओक वीस गुलाबांना भारी पडतो.

मला हा आकडा दिलासा देणारा वाटतो. तीस टक्के जागा तुमच्या हौसेची आहे. तिथे ट्युलिप लावा, लायलॅक लावा, झेंडू लावा (तोही मूळचा मेक्सिकोचाच, पण दसऱ्याला तोरणाला दुसरं काय चालेल?). परदेशी जातींपैकी थोड्याच जाती रानात घुसतात. 'परकं ते सगळं वाईट' हा सूर इथल्या काही बागप्रेमींच्या बोलण्यात येतो तो मला पटत नाही, आणि परदेशात राहणाऱ्या माणसाने तो लावणं तर विनोदीच. झाड कुठून आलं यापेक्षा ते इथे आल्यावर काय करतं, हे बघायचं.

काही झुडपं मात्र तीस टक्क्यांतही नकोत. जपानी बार्बेरी ही लालसर पानांची काटेरी झुडपं बिल्डर सर्रास लावून देतात. कनेक्टिकटमधल्या अभ्यासांत असं दिसलं, की रानात बार्बेरीच्या दाट जाळ्या असतील तिथे लाइम रोगाचे जिवाणू बाळगणाऱ्या गोचिडी, म्हणजे टिक, कितीतरी जास्त सापडतात. या जाळीखाली हवा दमट राहते. गोचीड कोरड्या हवेत सुकून मरते, ती इथे तगते. जिच्यातून हे जिवाणू तिला मिळतात, ती पांढऱ्या पायांची उंदरंही याच जाळीत आसरा घेतात. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाने बार्बेरीच्या विक्रीवर बंदी घातली आहे. निर्बीज ठरलेल्या काही वाणांना त्यातून सूट आहे. घरात लहान मुलं असतील तर मी कायद्याची वाट पाहणार नाही.

मग लावायचं काय?

पांढऱ्या पेअरच्या जागी दोन छान पर्याय आहेत. एक सर्व्हिसबेरी: एप्रिलमध्ये पांढरी फुलं, जूनमध्ये जांभळी गोड फळं, उंची पाच ते आठ मीटर. फळं तुम्हीही खाऊ शकता, पक्ष्यांनी ठेवली तर. दुसरं रेडबड, माझं आवडतं. रेडबड आणि आपला आपटा हे शेंगांच्या कुळातल्या एकाच उपकुळातले. आपट्याचं पान दोन पाळ्यांचं, रेडबडचं अखंड, पण दोन्ही समोरासमोर ठेवली तर नातं लपत नाही. पानं फुटण्याआधी गुलाबी-जांभळी फुलं फांद्यांवर येतातच, पण फणस लागतो तशी थेट खोडावरही येतात. त्या चिमुकल्या फुलांना किंचित आंबट चव असते, कोशिंबिरीत घालता येतात. अर्धवट सावलीतही हे झाड रमतं.

सोनचाफ्याची ओढ असेल तर स्वीटबे मॅग्नोलिया बघा. सोनचाफा मॅग्नोलियाच आहे, आणि हा त्याचा इथला भाऊबंद. फुलं पांढरी, वास लिंबाच्या जवळ जाणारा. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात बाकी झाडं कुजतात, हे आनंदाने वाढतं. जास्वंदीसाठी हार्डी हिबिस्कस आहे. याची फुलं जेवणाच्या ताटलीएवढी होतात. थंडीत ते जमिनीपर्यंत मरतं आणि इतर सगळं हिरवं झालं तरी उगवत नाही. मेच्या अखेरपर्यंत वाट बघा, मेलं समजून उपटू नका.

शरदात लाल होणारं झुडूप हवं म्हणून लोक बर्निंग बुश लावतात. तेही कॅलेरीसारखंच रानात पळालेलं आहे. त्याऐवजी ब्लूबेरी लावा. ऑक्टोबरमध्ये तितकंच लाल, शिवाय जुलैत फळं. रानातल्या या झुडपाला शेतात आणलं तेही न्यू जर्सीनेच. व्हाइट्सबॉग इथे एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी तयार केलेल्या झुडपांची पहिली फळं १९१६ साली बाजारात गेली. ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते, पीएच साडेचार ते साडेपाच. आधी माती तपासून घ्या. दोन वेगळे वाण शेजारी लावले तर फळ चांगलं धरतं. विंटरबेरीची लाल फळं बर्फात फार सुंदर दिसतात, पण तिच्यात पपईसारखी नर आणि मादी झाडं वेगळी असतात. चार-पाच माद्यांमागे एक नर घ्यायला विसरू नका, आणि दोघांच्या फुलण्याची वेळ जुळते का हे नर्सरीत विचारा.

फुलझाडांत मिल्कवीड आलंच. कोरड्या जागी नारिंगी फुलांचं बटरफ्लाय वीड, ओल्या जागी स्वॅम्प मिल्कवीड. नाव जवळचं असलं तरी बटरफ्लाय बुश ही वेगळी चीज. तिच्यावर फुलपाखरं मध प्यायला येतात, पण मोनार्कसकट बहुतेकांच्या अळ्यांना तिच्या पानांचा उपयोग नाही. खानावळ आहे, बाळंतघर नाही. मिल्कवीड घेताना रोपांवर निओनिकोटिनॉइड कीटकनाशक मारलं आहे का, हे जरूर विचारा. ते पानापानांत भिनतं आणि खायला आलेली अळीच मरते. गोल्डनरॉडला लोक विनाकारण घाबरतात. सप्टेंबरमध्ये शिंका येतात त्या रॅगवीडमुळे. त्याचे पराग वाऱ्याने उडतात. गोल्डनरॉडचे पराग जड आणि चिकट असतात, ते मधमाश्या नेतात. दोघं एकाच वेळी फुलतात आणि दिसतं फक्त पिवळं गोल्डनरॉड, म्हणून आळ त्याच्यावर.

मोगरा आणि आपली लाल जास्वंद कुंडीत ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये घरात घ्या. कढीपत्त्याचं रोप आणताना मात्र सावध राहा. संत्र्या-लिंबांच्या बागा मारणाऱ्या ग्रीनिंग रोगाचा प्रसार जो किडा करतो, तो कढीपत्त्यावरही राहतो. त्यामुळे फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियातल्या मावशीकडून बॅगेत रोप घालून आणणं नियमबाह्य ठरू शकतं. भारतातून मातीसकट काही आणणं तर नकोच. रीतसर परवानाधारक नर्सरीतून मागवा.

झाड लावायला सप्टेंबर-ऑक्टोबर चांगला. माती उबदार असते, ऊन उतरलेलं असतं. खड्डा खणण्याआधी काही दिवस ८११ वर फोन करा. गॅस आणि विजेच्या तारा कुठून जातात याच्या खुणा फुकट करून देतात. चिठ्ठीवरची पूर्ण वाढीची उंची आणि घेर खरा माना. आज कुंडीत मावणारा ओक उद्या वीस मीटर जाणार आहे, छोट्या अंगणात तो नकोच. खोड खाली जिथे रुंदावून मुळांना मिळतं, तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. मल्च दोन-तीन इंच पसरा, पण खोडाला चिकटवू नका. खोडाभोवती मल्चचे डोंगर रचायची इथे फॅशन आहे, त्याने साल कुजते. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. आणि शरदात झाडाखालची पानं लीफ ब्लोअरने उडवून पिशव्यांत भरू नका. ओकवरचे बरेचसे सुरवंट कोश करायला खाली उतरतात, आणि थंडीभर ते त्याच पानांत, त्याच मातीत असतात.